आठ पौंडांची गिटार आणि माझ्यावरचा आरोप

गेल्या गणपतीत, ऋषिपंचमीच्या भाजीचा पहिला घास तोंडात घालतो न घालतो तोच ताईने भर पंगतीत माझ्यावर आरोप ठेवला. "हे खूळ तूच भरवलंस त्याच्या डोक्यात." तो म्हणजे माझा भाचा. वय वर्षं वीस, इंजिनियरिंगचं तिसरं वर्ष झालेलं, आणि आता म्हणतो की चौथं करायचं नाही, गिटार वाजवायची. आरोपाचा पुरावा माझ्याच घरी कपाटावर धूळ खात पडलेला. बिस्किटांचा पत्र्याचा डबा, त्याला जुन्या खिडकीच्या सागवानी चौकटीतून काढलेली दांडी, तीन तारा. तो चौदा वर्षांचा असताना मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही दोघांनी मिळून केलेली "गिटार".

ताई हे वाचणार आहे. (ती सगळं वाचते आणि शुद्धलेखनाच्या चुका फोन करून सांगते.) तेव्हा आधीच सांगतो, हा माझा बचाव नाही. पण ती कल्पना माझ्या डोक्यात कुठून आली ते एकदा सविस्तर लिहायचं राहून गेलं होतं. त्या गोष्टीत एक बाप आहे, एक मुलगा आहे, आणि दोघांनी घरी बनवलेली एक गिटार आहे. गोष्ट मी भाच्याला सुट्टीभर सांगत होतो, पण अर्धीच. उरलेली अर्धी तेव्हा सांगायला सुचली नाही, किंवा सोयीची वाटली नाही म्हणा.

तर, ऑगस्ट १९६३. लंडनच्या पश्चिमेला फेल्टम नावाचं उपनगर. तिथे हॅरल्ड मे नावाचे गृहस्थ राहायचे. सरकारी विमानवाहतूक खात्यात ड्राफ्ट्समन, इलेक्ट्रॉनिक्समधला दर्दी माणूस. घरातला रेडिओ त्यांनी स्वतः केलेला, टीव्हीसुद्धा. पगार बेताचा. एकुलता एक मुलगा ब्रायन, वय सोळा. त्याच्याकडे सातव्या वाढदिवसाला मिळालेली एक स्वस्तातली साधी गिटार होती. त्याआधी वडिलांनीच त्याला युकेलेलेवर बोटं ठेवायला शिकवलं होतं. पोराला आता इलेक्ट्रिक गिटार हवी होती. दुकानाच्या काचेतली अमेरिकन फेंडर कंपनीची स्ट्रॅटोकास्टर त्याला खुणावत होती, आणि ती घ्यायची म्हणजे घराचं आर्थिक गणितच कोलमडणार. आपल्याकडच्या बापाने अशा वेळी "आधी दहावी होऊ दे" असं म्हटलं असतं. हॅरल्ड म्हणाले, आपण करू या.

"करू या" म्हणणं सोपं असतं. आम्हीही म्हटलं होतं. पण या दोघांनी दोन वर्षं दिली. आणि त्यांनी काय काय वापरलं ते वाचताना मला दरवेळी आमच्या आजीच्या माळ्याची आठवण होते. तिथेही काहीच टाकलेलं नसायचं.

ओळखीच्या एका घरातून जुन्या शेकोटीची चौकट काढून टाकत होते, शे-सव्वाशे वर्षांपूर्वीचं महोगनी लाकूड. त्यातून दांडी कोरली. लाकडाला कीड लागून भोकं पडली होती, ती काडेपेटीच्या काड्या ठोकून बुजवली. खोडाचा मधला भाग एका जुन्या ओक लाकडाच्या टेबलाचा, बाकीचा भाग ब्लॉकबोर्डाचा, आणि वरून दिसायला महोगनीचा पातळ पापुद्रा. दांडीवर सूर ओळखायला पांढरे ठिपके असतात ना, ते आईच्या शिवणाच्या डब्यातली शिंपल्याची बटणं घासून केले. तारा ताणून सूर हेलकावायचा जो दांडा असतो, तो सायकलच्या सीटमागे पिशवी अडकवायच्या सळीचा. त्याच्या टोकाला बोंड म्हणून आईच्या विणकामाच्या सुईचा तुकडा. आईचं मत कुठे नोंदलेलं माझ्या वाचनात नाही. पण बटणं गेली, सुई गेली, दोन वर्षं घरात भुसा. मला वाटतं या गिटारीवर तिचंही नाव असायला हवं.

सगळ्या गिटारीचा खर्च आठ पौंड. हा आकडा सगळीकडे सांगितला जातो.

आता कुणी म्हणेल, भंगारातून वाद्य करण्यात नवल ते काय? खरं आहे. अमेरिकेच्या दक्षिणेकडची गरीब काळी मुलं केरसुणीची तार सोडवून ती घराच्या भिंतीवर दोन खिळ्यांमध्ये ताणायची, खाली बाटली सरकवायची घोडी म्हणून, आणि एका तारेवर वाजवायची. ब्लूज वाजवणारे कितीतरी वादक अशा तारेवर नाहीतर सिगारच्या खोक्याच्या गिटारीवर शिकले. १९४० च्या सुमारास लेस पॉलने न्यूयॉर्कमध्ये एपिफोन कंपनीच्या कारखान्यात सुट्टीच्या दिवशी बसून चार इंच बाय चार इंच पाइनच्या ओंडक्यावर तारा चढवल्या. वाजायला झकास, पण लोकांना तो ओंडका बघवेना. मग त्याने एका जुन्या गिटारीचं पोट उभं कापून दोन्ही बाजूंना पंखांसारखं चिकटवलं, आणि तोच आवाज लोकांना आवडायला लागला! आणि लांब कशाला जा, आपल्या मिरजेचे सतारमेकर मूळचे शिकलगार, तलवारी-भाल्यांना धार लावणारे. तलवारी गेल्या, हातातलं कसब भोपळ्याकडे आणि तारांकडे वळलं. असो. विषयांतर फार झालं.

मुद्दा असा की मे बापलेकांनी फक्त काटकसर केली नाही. त्यांना विकतच्या गिटारीपेक्षा चांगली गिटार हवी होती. त्या काळच्या गिटारींचं एक दुखणं असं की दांडा दाबून सूर हेलकावला की तारा परत मूळ जागी येत नसत, वाद्य बेसूर व्हायचं. कारण घर्षण. जिथे जिथे तार घासते तिथे ती थोडी अडकते. यांनी काय केलं, तर तारा ज्या तुकड्याला बांधल्या तो तुकडा पोलादाच्या धारेवर तोलला. किराणा दुकानातला जुना तराजू आठवा. त्याची दांडी मधोमध अशाच धारेवर टेकलेली असते, म्हणून चिमूटभर जिऱ्यालाही पारडं हलतं आणि चिमूट काढली की जागेवर येतं. तेच तत्त्व. एका बाजूने तारांची ओढ, दुसऱ्या बाजूने ती तोलायला १९२८ च्या पँथर मोटरसायकलच्या इंजिनातल्या दोन व्हॉल्व्ह स्प्रिंगा. आणि घोडीवर प्रत्येक तारेखाली एक बारीक फिरता रूळ, म्हणजे तिथेही घासायला नको. सोळा वर्षांच्या पोराचं आणि एका ड्राफ्ट्समनचं हे डोकं! मी स्वतः नोकरीत तीस वर्षं ड्रॉइंगं तपासली आहेत, पण हे वाचून खुर्चीतून उठून उभा राहिलो होतो.

खोडात मुद्दाम पोकळ्या ठेवल्या, कारण ब्रायनला गिटार स्पीकरसमोर धरल्यावर तिने घुमायला हवं होतं. वर एफच्या आकाराचं भोक पाडायचंही ठरलं होतं, ते राहून गेलं ते गेलंच. (हे वाचून फार बरं वाटलं. आमचं तर बरंच काही राहून गेलं आहे.)

फसलंही. तारेचं कंपन पकडून त्याची वीज करणारी पिकअप असते, ती ब्रायनने घरीच केली. छोटी गोल लोहचुंबकं आणून त्यांच्याभोवती बारीक तांब्याची तार गुंडाळली. आवाज छान आला. पण तार बोटाने बाजूला ओढली की खरखर यायची, चुंबकांचे ध्रुव हवे तसे लागले नव्हते म्हणून. शेवटी बर्न्स कंपनीची तीन ट्राय-सॉनिक पिकअप विकत घेतली. विकत घेतली खरी, पण तशीच बसवतील तर ते मे कसले! शिट्टी मारू नयेत म्हणून आत अरॅल्डाइट ओतलं. आणि प्रत्येक पिकअपला दोन दोन बटणं दिली, एक चालू-बंद करायला आणि दुसरं उलटसुलट करायला. दोन पिकअप एकमेकांच्या उलट जोडली की दोघांत सारखा असलेला जाड आवाज एकमेकांना खाऊन टाकतो आणि उरतो तो नाकातला, चिरत जाणारा. मी कागदावर मांडून पाहिलं, तीन पिकअपचे असे तेरा निरनिराळे आवाज निघतात. त्या काळच्या स्ट्रॅटोकास्टरच्या खटक्याला तीनच जागा असायच्या.

आता आमची गिटार. हसू नका.

आम्ही तारेची लांबी चोवीस इंच ठेवली. मुद्दाम, ब्रायन मेच्या गिटारीची तेवढीच आहे म्हणून. पडद्यांचं गणित मी भाच्याला शिकवलं. लांबीला १७.८१७ ने भागायचं, पहिला पडदा तिथे. उरलेल्या लांबीला परत तेवढ्यानेच भागायचं, दुसरा पडदा. बारावा बरोबर मध्यावर येतो, म्हणजे बारा इंचांवर, आणि तिथे वरचा सा. पोरगं गणितावर खूष झालं. मग मी शहाण्याने काय केलं, तर प्रत्येक पडद्याचं अंतर आधीच्या पडद्यापासून मोजत गेलो, शाळेच्या प्लॅस्टिकच्या पट्टीने. दरवेळी अर्ध्या मिलिमीटरची चूक, आणि ती पुढच्यात मिसळत गेली. सगळी अंतरं वरच्या टोकापासूनच मोजायची असतात, हे पडदे चिकटवून झाल्यावर कळलं. पडदे म्हणजे सायकलचे आरे, कापून घासून चिकटवलेले. बारावा पडदा पाच मिलिमीटरने हुकला, आणि वरचा सा असा उतरला की शेजारच्या काकांनी, जे स्वतः हार्मोनियम वाजवतात, दार उघडून "काय झालं?" असं विचारलं.

आवाजासाठी बुधवारातल्या तपकीर गल्लीतून बझरमधली पितळी चकती आणली, ती डब्याला आतून चिकटवली आणि जुन्या टेपरेकॉर्डरला जोडली. संध्याकाळचे सात वाजले होते. भाच्याने तार छेडली आणि त्या टेपरेकॉर्डरमधून जो काही आवाज आला... पत्रा, तार, खरखर, सगळं एकत्र. त्याचा चेहरा मी विसरणार नाही. ताई, तू म्हणतेस ते खूळ त्या क्षणी भरलं. मी साक्षीदार आहे.

आता गोष्टीचा दुसरा अर्धा भाग, जो मी सांगितला नव्हता.

ब्रायन अभ्यासात हुशार होता. शाळेनंतर लंडनच्या इम्पीरियल कॉलेजात पदार्थविज्ञान, मग १९७० पासून तिथेच पीएच.डी. विषय ग्रहांच्या मधल्या अवकाशात तरंगणाऱ्या धुळीचा. सूर्यास्तानंतर क्षितिजापाशी जो फिकट उजेड दिसतो तो या धुळीमुळे. ती धूळ कोणत्या वेगाने कुठे चालली आहे, हे तो मोजत होता. टेनेरीफ बेटाच्या डोंगरावर निरीक्षणं घेतली, १९७२ मध्ये 'नेचर'मध्ये निबंधात नाव आलं. मधल्या काळात लंडनच्या एका शाळेत गणितही शिकवत होता. आणि रात्री बँड. त्या बँडमध्ये गाणारा फारूख बलसारा, म्हणजेच फ्रेडी मर्क्युरी, आपल्या पाचगणीच्या सेंट पीटर्समध्ये शिकलेला. हे मी दरवेळी सांगतो आणि भाचा दरवेळी म्हणतो, "मामा, माहितेय."

१९७४ मध्ये ब्रायनने पीएच.डी. सोडली. प्रबंध बराचसा लिहून झालेला असताना.

हॅरल्डना हे अजिबात पटलं नाही. ज्या माणसाने स्वतःच्या हातांनी पोराबरोबर दोन वर्षं ती गिटार घडवली, त्यालाच पटलं नाही. ब्रायनने पुढे मुलाखतींतून सांगितलं आहे की बराच काळ बापलेकांमध्ये जवळजवळ अबोला होता. पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा मला हॅरल्डचा राग आला होता. गिटार करून द्यायची आणि वर वाजवू नको म्हणायचं, हा कुठला न्याय? ताईशी मी भांडलो तेही नेमकं याच शब्दांत.

नंतर नंतर मला ते वेगळं दिसायला लागलं. हॅरल्डच्या लेखी ती गिटार म्हणजे पोराला हात वापरायला शिकवणं होतं. मोजायला, कापायला, चुकलं तर परत करायला. त्यातून शास्त्रज्ञ तयार होणार होता, आणि झालाही होता! बेताच्या पगारात शिकवलेल्या पोराने धुळीचा वेग मोजायचा सोडून शेकोटीचं लाकूड गळ्यात अडकवून हिंडावं, हे त्यांच्या हिशेबात कुठेच नव्हतं. दोघांनी एकच वस्तू बनवली, पण मनात दोन वेगळ्या वस्तू होत्या. आमच्या डब्याचंही तेच झालं असेल. मला वाटत होतं मी त्याला बारावं मूळ शिकवतोय.

शिवाय हेही कबूल करायला हवं की १९७४ मध्ये हॅरल्डपाशी निकाल नव्हता. आपल्याला माहीत आहे पुढे काय झालं, म्हणून ते आपल्याला हट्टी वाटतात. बँड सोडून दिलेल्या, पीएच.डी.ही सोडून दिलेल्या पोरांची पुस्तकं कुणी लिहीत नाही. ताईपाशीही आज निकाल नाही, आणि माझ्यापाशीही नाही.

१९७७ मध्ये ब्रायनने आईवडिलांना न्यूयॉर्कला नेलं, मॅडिसन स्क्वेअर गार्डनमधला कार्यक्रम ऐकायला. नेलं ते कॉन्कॉर्ड विमानाने. हॅरल्डनी नोकरीत त्या विमानावर काम केलं होतं, पण त्यात बसण्याचा योग कधी आला नव्हता. स्वतः काम केलेल्या विमानात बसून स्वतः बनवलेली गिटार ऐकायला जाणं, हे किती जणांच्या नशिबी येतं? कार्यक्रमानंतर त्यांनी मुलाला सांगितलं की आता मला समजलं. एवढंच. तीन वर्षं लागली.

त्यानंतर तीच गिटार १९८५ मध्ये वेम्बलीला लाइव्ह एडमध्ये वाजली, २००२ मध्ये बकिंगहॅम राजवाड्याच्या गच्चीवर वाजली. १९९८ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या ग्रेग फ्रायर नावाच्या कारागिराने तिची डागडुजी केली. काड्या ठोकलेली दांडी तशीच आहे. ब्रायन अजूनही साध्या प्लॅस्टिकच्या पट्टीऐवजी सहा पेन्सच्या जुन्या नाण्याने वाजवतो. आणि २००७ मध्ये, साठी गाठल्यावर, त्याने ती धुळीची पीएच.डी. पूर्ण करून टाकली. तेव्हा हॅरल्ड हयात नव्हते. हे मी ताईला दिलासा म्हणून सांगायला गेलो तर ती म्हणाली, "म्हणजे मी मेल्यावर हा डिग्री घेणार का?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, आजही नाही.

परवा भाचा आला होता. फॉर्म भरायची शेवटची तारीख जवळ आली आहे, तो विषय मी काढला नाही, त्यानेही नाही. कपाटावरचा डबा काढला, धूळ पुसली. दांडी थोडी वाकली आहे. त्याने मोबाइलवर सूर लावून पाहिला, बाराव्या पडद्यावर बोट ठेवलं आणि आम्ही दोघं एकदम हसलो. मग म्हणाला, मामा, सगळे आरे काढून परत बसवू, या वेळी वरच्या टोकापासून मोजू, मी स्टीलची पट्टी आणतो.

रविवारी सकाळी बसणार आहोत. ताई, तूही ये. येताना शिवणाचा डबा घेऊन ये, ठिपक्यांना बटणं लागतील. पाच पुरेत, बाराव्याला दोन धरून.